पाहुणे, वारा आणि एकतीस डिसेंबर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही दोघं आठ महिन्यांपासून चाळीस फुटी शिडाच्या बोटीवर राहताय आणि बोटीवरचा हा तुमचा पहिलाच डिसेंबर. भाऊ, वहिनी आणि त्यांची दोन मुलं (एक ९ वर्षांचं, एक १३) २३ तारखेला येणार. त्यांना एका बेटावरून बोटीवर घ्यायचं, नाताळ वाटेतल्या एखाद्या शांत खाडीत काढायचा, ६० सागरी मैलांवरच्या दुसऱ्या बेटावर एकतीसची रात्र साजरी करायची आणि १ तारखेला सकाळी तिथूनच विमानात बसवून द्यायचं. तर तयारी काय करावी, आणि सुट्ट्यांचे हे दिवस बोटीवर खरे कसे जातात?

पहिली तयारी म्हणजे परतीचं तिकीट बदला. ज्या बेटावर उतरतील तिथूनच परत जाऊ देत, आणि १ ऐवजी ३ तारीख घ्या. भाऊ कुरकुरेल, चार पैसे जास्त जातील, जाऊ देत. मी आणि नवरा चौदा वर्षं बोटीवर राहतोय, त्यातले अकरा डिसेंबर पाण्यावर गेले. या दिवसांत आमच्यावर जे काही ओढवलं, त्यातलं निम्म्याहून जास्त कुणाच्या तरी विमानाच्या वेळेपायी ओढवलं. बोटीवाल्यांत एक जुनं बोलणं आहे: भेटायचं ठिकाण विचारा नाहीतर तारीख विचारा, दोन्ही विचारू नका. तुम्ही दोन ठिकाणं आणि दोन तारखा बांधून घेतल्या आहेत.

साधा हिशोब करून बघा. चाळीस फुटी बोट बऱ्या वाऱ्यात सरासरी पाच नॉट (ताशी पाच सागरी मैल) धरली तर ६० मैलांना बारा तास. पहाटे निघा, उजेडात पोचा. हेच वारा समोरून आला की तुम्हाला नागमोडी जावं लागतं आणि ६० मैलांचे ८५ होतात. समोरच्या लाटेत पाचाचे चार नॉट होतात. म्हणजे एकवीस तास, त्यातली एक अख्खी रात्र, आणि बोटीवर चार माणसं अशी की ज्यांनी आयुष्यात कधी रात्रीचा समुद्र पाहिलेला नाही.

आमच्या चौथ्या वर्षी आम्ही हेच केलं. नवऱ्याचा मित्र आणि त्याची बायको ३० तारखेच्या विमानाने जाणार होते. २५ पासून वारा २५ नॉटच्या खाली यायला तयार नव्हता. तीन दिवस वाट पाहिली आणि २९ ला पहाटे, नको नको म्हणत निघालो. तिला दुपारपर्यंत पाणीसुद्धा पोटात ठरेना. संध्याकाळी पुढच्या शिडाचा दोर तुटला. दिवसाही कधी न पाहिलेल्या बंदरात रात्री साडेअकराला शिरलो, हातात टॉर्च, तोंडात एकमेकांना शिव्या. आणि विमान? ते चुकलंच. सुट्ट्यांमुळे तिथलं इमिग्रेशनचं कार्यालय सकाळी उशिरा उघडणार होतं आणि शिक्क्याशिवाय त्यांना जाता येईना. ती दोघं पुन्हा कधी कुठल्याही बोटीवर चढली नाहीत. त्यांना दोष कसा देणार?

बेटांची नावं तुम्ही दिलेली नाहीत, पण डिसेंबरात क्रूझिंगच्या, म्हणजे आपल्यासारख्या भटक्या, बोटी कुठे असतात हे ठरलेलंच असतं, कारण वादळांचं वेळापत्रक त्यांना हाकतं. अटलांटिकमध्ये हरिकेनचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर. तो संपतासंपता कॅरिबियनमध्ये बोटींची रीघ लागते. १९८६ पासून दर नोव्हेंबरात कॅनरी बेटांवरच्या लास पाल्मासहून एक मोठा ताफा (अटलांटिक रॅली फॉर क्रूझर्स) निघतो आणि सुमारे २७०० मैल कापून डिसेंबरात सेंट लुसियाला पोचतो. दक्षिण प्रशांतात उलटं. तिथे नोव्हेंबर ते एप्रिल चक्रीवादळांचे महिने, म्हणून बोटी आधीच न्यूझीलंड किंवा ऑस्ट्रेलियाकडे उतरलेल्या असतात. भूमध्य समुद्रात बहुतेक जण मरीनात (बोटींच्या बंदिस्त बंदरात) दोर बांधून हिवाळा काढतात. अंदमान समुद्राच्या पूर्वेला, थायलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, ईशान्य मोसमी वारा जमिनीवरून येतो, त्यामुळे पाणी सपाट. पाहुणे बोलावायला डिसेंबरात याहून सोयीची जागा मला माहीत नाही.

कॅरिबियनमध्ये असाल तर मात्र ‘ख्रिसमस विंड्स’ हे नाव पाठ करून ठेवा. हिवाळ्यात उत्तर अटलांटिकवरचा जास्त दाबाचा पट्टा बळावतो, त्याच्या आणि विषुववृत्ताकडच्या कमी दाबाच्या मधला उतार तीव्र होतो आणि एरवी १५-१८ नॉटने वाहणारा व्यापारी वारा २५-३० वर जातो. डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीपर्यंत कधीही, आणि एकदा लागला की दोन-चार दिवस, कधी दहा-बारा दिवस. १५ चा वारा ३० झाला की शिडावरचा जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. हे पाहुण्यांना समजावत बसू नका, तुम्ही विसरू नका म्हणजे झालं. बहामाजमध्ये त्रास वेगळा: उत्तर अमेरिकेतून थंड हवेच्या फळ्या एकामागून एक येतात आणि वारा दक्षिणेवरून पश्चिमेला, तिथून उत्तरेला असा घड्याळाच्या काट्यासारखा फिरतो. काल संध्याकाळी आरशासारखी असलेली, पश्चिमेला उघडी खाडी पहाटे उकळायला लागते.

तर तुमच्या या दिवसांचा बेत मी असा करीन: पाहुणे उतरतील त्या बंदरापासून तीन-चार तासांच्या आत असलेल्या तीन खाड्या निवडा, वेगवेगळ्या दिशांना तोंड असलेल्या. रोज संध्याकाळी हवामान बघून उद्याची ठरवा. वाऱ्याने साथ दिली तर दुसऱ्या बेटावर जाऊन याल, नाही दिली तर मुलांना काही चुकल्याचं कळणारही नाही. त्यांना उडी मारायला पाणी, चढायला शिडी आणि चालवायला डिंगी (किनाऱ्यावर ये-जा करायची छोटी होडी) एवढं पुष्कळ होतं.

आता नांगर, कारण सुट्ट्यांच्या गर्दीत खरा प्रश्न इथेच उभा राहतो. वर्षातून एकदाच भाड्याने बोट घेणारे या आठवड्यात पाण्यावर असतात. त्यांना कमी लेखत नाही, आम्हीही तिथूनच सुरुवात केली. पण ते उशिरा येतात, जवळ टाकतात आणि साखळी कमी सोडतात. तुमचं गणित तुम्ही पक्कं ठेवा: पाणी ४ मीटर, पाण्यापासून पुढच्या रोलरची (ज्यावरून साखळी उतरते त्याची) उंची दीड मीटर, भरतीची वाढ अर्धा मीटर, झाले ६. त्याच्या पाचपट म्हणजे ३० मीटर साखळी, आणि वारा वाढणार असेल तर सातपट, ४२. रोलरची उंची धरायला बरेच जण विसरतात, आणि उथळ पाण्यात तीच चूक नडते. साखळी सोडली की इंजिन हळूहळू मागे लावा, किनाऱ्यावरची दोन झाडं किंवा खांब एका ओळीत धरा आणि ती ओळ हलत नाही ना बघा. मग पोहण्याचा चष्मा लावून पाण्यात उतरा आणि नांगर स्वतःच्या डोळ्यांनी बघा. १३ वर्षांच्या पोराला हे काम द्या. पाते वाळूत पूर्ण गाडलंय की गवतावर आडवं पडलंय हे त्याला एका फेरीत ओळखता येईल, आणि उरलेले दिवस तो नाखवा असल्यासारखा वागेल.

शेजारी कोण आहे हेही बघा. कॅटमरान (दोन सांगाड्यांची बोट) वाऱ्याबरोबर चटकन फिरतो, खोल किलाची (तळाखालच्या जड पात्याची) बोट प्रवाहाला धरून राहते. कुणी साखळीवर असतं, कुणी दोरावर आणि दोरावरची बोट लांब झोके घेते. वारा पडला की या सगळ्या आपापल्या दिशेने भटकायला लागतात आणि रात्री अकराला कुणाचा तरी पार्श्वभाग तुमच्या खिडकीत येतो.

एका २५ डिसेंबरला पहाटे दोनला माझी झोप मोडली. नांगर घसरल्याचा अलार्म वाजला नव्हता, आवाज बदलला होता. साखळी एरवी वाळूवर मऊ कुरकुरते, आता मधूनच थांबून दण्णकन हलत होती. पुढे जाऊन साखळीवर तळवा ठेवला. नांगर धरून असेल तर साखळी ताणली-सैलावली तरी हाताला ती सलग लागते. घसरत असेल तर दगडी रस्त्यावरून गाडी ओढल्यासारखे बारीक हादरे तळव्याला लागतात. आमची सलग होती. मान वर केली तर दिव्यांच्या माळांनी मढलेला एक मोठा कॅटमरान, आत गाढ झोपलेली दहा माणसं, शांतपणे आमच्या अंगावर येत होता. शिट्टी वाजवली, टॉर्च मारला, शेवटी भोंगा. कुणी उठेना. आम्ही सगळे फेंडर (धडक झेलणाऱ्या रबरी उशा) एका बाजूला टांगले, आणखी दहा मीटर साखळी सोडली आणि तो हातभर अंतरावरून गेला. सकाळी तिकडून एक बाई केक घेऊन आल्या. केक चांगला होता.

तेव्हापासून सुट्ट्यांच्या आठवड्यात आम्ही खाडीच्या मधोमध, सुंदर जागी, नांगर टाकत नाही. कडेला, थोडं डुचमळलं तरी चालेल, पण मागे मोकळं पाणी असेल अशी जागा घेतो. आणि दुपारी दोनच्या आत.

माळांवरून आठवलं. दिवे जरूर लावा, अंधाऱ्या खाडीत दिव्यांची बोट फार देखणी दिसते. पण १९७२ च्या आंतरराष्ट्रीय टक्कर प्रतिबंधक नियमांतला विसावा नियम सांगतो की सूर्यास्त ते सूर्योदय ठरलेल्या दिव्यांखेरीज असे कोणतेही दिवे लावू नयेत की जे त्यांच्यासारखे भासतील किंवा त्यांना झाकतील. समुद्रावर रंगांना अर्थ असतात. लाल दिव्याखाली पांढरा म्हणजे मासेमारी करणारी बोट, लालवर लाल म्हणजे ताबा सुटलेली बोट. तेव्हा डोलकाठीवर लाल-हिरवी माळ नको. पिवळसर पांढरी माळ कठड्याभोवती आडवी लावा. नांगरावर असताना चहूकडून दिसणारा एक पांढरा दिवा बंधनकारक, तो माळ लावली तरी चालूच ठेवायचा. एक सवय आमची: डोलकाठीच्या टोकावरचा दिवा मोठ्या जहाजाला दिसतो, पण डिंगीतून घरी परतणाऱ्याला दिसत नाही, कारण रात्री कुणी साठ फूट वर मान करून बोट चालवत नाही. म्हणून आम्ही कॉकपिटजवळ (बोट चालवायला बसतो तिथे) डोळ्यांच्या उंचीवर आणखी एक छोटा दिवा टांगतो.

माळ १२ व्होल्टची घ्या, म्हणजे इन्व्हर्टरची भानगड नको. पाच वॉटची माळ सहा तास लावली तर ३० वॉट-अवर, म्हणजे १२ व्होल्टला अडीच अँपिअर-अवर. काहीच नाही. वीज खातात त्या दोन गोष्टी, फ्रिज आणि इंटरनेट. उष्ण हवेत फ्रिज दिवसाला साधारण ८० अँपिअर-अवर घेतो, आणि पाहुणे दर दहा मिनिटांनी दार उघडतात तेव्हा जास्तच. सॅटेलाइट इंटरनेटची डिश ६० वॉट धरली आणि चोवीस तास चालू ठेवली तर १२० अँपिअर-अवर, म्हणजे फ्रिजपेक्षाही भारी. वर विषुववृत्ताच्या उत्तरेला डिसेंबरात दिवस लहान, सूर्य खाली कललेला, त्यामुळे पॅनेलवर डोलकाठीची आणि बूमची (शिडाखालच्या आडव्या दांड्याची) सावली जास्त वेळ पडते. डिश संध्याकाळी तीन तास, हा नियम पहिल्याच दिवशी सांगा. १३ वर्षांचा गाल फुगवेल. तिसऱ्या दिवशी विसरेल.

पाण्याचं मात्र सांगून भागत नाही, दाखवावं लागतं. तुमची टाकी ४०० लिटरची धरते. तुम्ही दोघं आता सवयीने दिवसाला ३० लिटरमध्ये भागवत असाल, म्हणजे तेरा दिवस. घरातल्या नळाची सवय असलेला माणूस, काटकसर करतोय असं स्वतःला वाटत असतानाही, २०-२५ लिटर सहज घालवतो. चौघांचे ९० आणि तुमचे ३०, झाले १२०. टाकी चौथ्या दिवशी कोरडी, आणि तो नेमका २६ तारखेचा दिवस असतो. ताशी ३० लिटरचं वॉटरमेकर (समुद्राचं पाणी गोडं करणारं यंत्र) असेल तर ते रोज चार तास चालवावं लागेल. गर्दीच्या बंदरात मी ते लावत नाही. पाण्यावर डिझेलचा तवंग असतो, गाळ असतो, आणि तेल यंत्राच्या आतल्या, मीठ गाळणाऱ्या पडद्यावर बसलं की पडदा गेला. बाहेर स्वच्छ पाण्यात जाऊन भरायचं. धक्क्यावरच्या क्लोरिनच्या पाण्यानेही तो पडदा खराब होतो, म्हणून धुताना कार्बन फिल्टर मध्ये हवाच.

अंघोळीला आमचा उपाय हसण्यासारखा आहे: झाडांवर औषध फवारायचा पाच लिटरचा हातपंप. अर्थात नवा, औषध न बघितलेला. काळा रंग दिला आणि सकाळी डेकवर ठेवला की दुपारी पाणी कोमट. समुद्रात डुबकी, मागच्या पायरीवर बसून साबण, पुन्हा डुबकी, मग फवाऱ्याने दोन लिटरमध्ये मीठ उतरतं. मुलांना यात इतकी गंमत वाटते की अंघोळीसाठी मागे लागावं लागत नाही. भांडी समुद्राच्या पाण्यात घासायची आणि फवाऱ्याच्या बाटलीने विसळायची. पिण्याचं पाणी मात्र वेगळ्या बाटल्यांत, माणशी नाव लिहून, आणि त्यात काटकसर बिलकुल नाही. उन्हात पाणी कमी प्यायलेला पाहुणा दुसऱ्या दिवशी ‘बोट लागली’ म्हणून झोपून राहतो.

संडासाचं थोडक्यात: स्वतः खाल्लेलं सोडून त्यात काही जाणार नाही. कागद नाही, ओले रुमाल नाहीत, केस नाहीत. चौघांना एकेक करून आत न्या आणि हँडल मारून दाखवा. लाजू नका. २५ तारखेला दुपारी जेवण सोडून पंप उघडून बसण्याची लाज यापेक्षा मोठी. मी बसले आहे.

आणि हा पंप उघडायचाच झाला तर सीलचा संच बोटीवर हवा, कारण या दिवसांत बाहेरून काहीच मिळत नाही. वीस डिसेंबर ते जानेवारीचा पहिला आठवडा या काळात कुरिअर कस्टम्समध्ये अडकतात, कारागीर सुट्टीवर जातात, भंगारवालासुद्धा दुकान बंद ठेवतो. एका वर्षी इंजिनाला थंड पाणी देणाऱ्या पंपातला रबरी इंपेलर गेला. तळहातावर मावणारी वस्तू, आणि तिच्यापायी आम्ही सहा जानेवारीपर्यंत जागचे हललो नाही. १५ तारखेच्या आत इंपेलर, पट्टा, डिझेलचे फिल्टर, वॉटरमेकरचे फिल्टर, फ्यूज आणि डिंगीच्या इंजिनाची सुरक्षादोरी (चालवणारा पडला तर इंजिन बंद करणारी), प्रत्येकी एक जादा, बोटीवर असू द्या. गॅसचे दोन सिलिंडर भरलेले हवेत. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर बोटीच्या तळाशी साचतो आणि वास येईपर्यंत उशीर झालेला असतो. सणाला ओव्हन जास्त चालतो, हात लगबगीत असतात, म्हणून झाकण ठेवल्यावर शेगडीचं बटण नव्हे, सिलिंडरचा कॉक बंद करायचा, दर वेळी.

ओव्हनबद्दल एवढंच की ट्रे विकत घेण्याआधी तो मोजा, आणि भाजायचं ते पहाटे भाजा. दुपारी ओव्हन लावलात तर केबिनमध्ये कुणी थांबणार नाही. चालत्या बोटीवर कुकरच बरा, झाकण घट्ट असतं, उलटला तरी सांडत नाही. सामान भरताना पुठ्ठ्याची खोकी धक्क्यावरच सोडून या, घड्यांत झुरळांची अंडी असतात. हाच नियम भेटवस्तूंना. आणि चमकी, कागदी तुकडे, खऱ्या झाडाच्या सुईसारख्या पानांची सजावट काही बोटीवर नको. ही सगळी शेवटी तळाच्या बिल्जमध्ये जाते आणि पंपाच्या जाळीवर बसते, म्हणजे ज्या दिवशी पाणी आत येईल नेमका त्या दिवशी पंप तुंबलेला. आम्ही डोलकाठीच्या खालच्या भागाला हिरव्या दोरांची गुंडाळी करतो आणि त्यात लाकडी चमचे, सुटे शॅकल, शिंपले अडकवतो. दिसतं बरं.

दोन बेटं दोन देशांची असतील तर आणखी एक गाठ. एका देशात विमानाने उतरलेला पाहुणा दुसऱ्या देशात बोटीने पोचतो, तेव्हा त्याचं नाव तुमच्या खलाशांच्या यादीत लागतं आणि परतीचं तिकीट त्याच देशातून आहे का हे विचारलं जातं. तुमचा पिवळा झेंडा वर असेपर्यंत, म्हणजे प्रवेशाची परवानगी मिळेपर्यंत, कुणी किनाऱ्यावर पाय ठेवायचा नाही. ही परवानगी देणारी कार्यालयं २४ ला अर्धा दिवस, २५-२६ बंद, ३१ ला पुन्हा अर्धा. उघडलं तरी जादा वेळेचं शुल्क लागतं. पाहुण्यांना ‘बेट समोर आहे पण उतरायचं नाही’ हे दोन दिवस समजावण्यापेक्षा एकाच देशात राहा.

आता तुम्ही विचारलंत ते, हे दिवस जातात कसे. बोटींच्या गर्दीत एकटं पडायला होत नाही. बऱ्याच खाड्यांत सकाळी व्हीएचएफवर (बोटींनी आपसात बोलायच्या रेडिओवर) बोटवाल्यांची सभा भरते, हवामान सांगतात, कुणाला काय हवंय-विकायचंय ते होतं, आणि २०-२२ तारखेपर्यंत कुणीतरी विचारतंच, किनाऱ्यावर एकत्र जेवायचं का? प्रत्येक बोटीने एक पदार्थ, आपापली ताटली, आपापली खुर्ची. पंचवीस बोटींचे पंचवीस पदार्थ आणि चाळीस अनोळखी माणसं. मुलांची टोळी दहा मिनिटांत जमते. अशाच एका जेवणात मला टॉयलेट पंपाची सील मिळाली, आणि मी बदल्यात डिझेलचा फिल्टर दिला. त्या वर्षीच्या सगळ्या भेटींमध्ये तीच मला जास्त आवडली.

घरची आठवण मात्र येते, आणि ती दुपारी चारच्या सुमारास येते, जेवणं उरकल्यावर. भाऊ बोटीवर असला तरी येते. तिकडे घरी फोन कधी लावायचा ते वेळेच्या फरकाचा हिशोब करून आधी ठरवून ठेवा. मी सगळ्यांत हलकी झाले ती ज्या वर्षी आम्ही तारीखच सोडून दिली तेव्हा. वारा होता, २४ ते २७ सगळे कॉकपिटच्या कनातीआड बसून पत्ते खेळलो आणि २८ ला, पाणी निवळल्यावर, नाताळ केला. तारीख ही माणसांनी ठरवलेली गोष्ट आहे, यात फार ताणू नये. सामोआने २०११ मध्ये आंतरराष्ट्रीय वाररेषेची बाजू बदलली तेव्हा त्या देशात ३० डिसेंबर उगवलाच नाही, २९ नंतर थेट ३१. लांबच्या सफरीवरच्यांना तर निवड नसतेच. आयएनएसव्ही तारिणीवरच्या आपल्या नौदलाच्या सहा महिला अधिकारी २०१७ च्या नाताळात न्यूझीलंडहून केप हॉर्नकडे निघालेल्या होत्या, आणि नौदलाचेच अधिकारी अभिलाष टॉमी यांचा २०१२ चा नाताळ न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करताना एकट्याने गेला. त्या दिवशीही पहारा असतो, शीड आखडायचं असतं, नोंदवही लिहायची असते.

रेडिओचं एक सांगते. कितीही गप्पा रंगल्या तरी व्हीएचएफचा १६ नंबर चॅनेल, म्हणजे संकटाच्या हाकेचा, बंद करू नका. १९९६ च्या नाताळात व्हेंदे ग्लोब या, एकट्याने न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करायच्या शर्यतीत दक्षिण महासागरात राफाएल दिनेली यांची बोट बुडायला लागली. पीट गॉस हे शर्यतीतले स्पर्धक वादळात, वाऱ्याविरुद्ध, सुमारे दोन दिवस मागे फिरून त्यांच्यापर्यंत पोचले आणि त्यांना तराफ्यावरून उचललं. आपल्यासारख्यांना दोन दिवस मागे फिरावं लागत नाही. शेजारच्या बोटीतून ‘आमचा माणूस पार्टीहून आलेला नाही’ असा आवाज आला तर तो ऐकू यावा, इतकंच.

कारण एकतीसच्या रात्री माणसं हरवतात ती डिंगीत. पार्टी, दोन ग्लास, अंधार, आणि दोनशे मीटरचं अंतर ‘एवढंसं’ वाटतं. आमचा नियम असा आहे: चालवणारा पीत नाही, सुरक्षादोरी मनगटाला, प्रत्येकाच्या अंगात जॅकेट, डिंगीत पांढरा दिवा. बोटीची मागची शिडी जाण्यापूर्वीच खाली सोडलेली, कारण पाण्यात पडलेल्याला खालून ती ओढता येत नाही. परत आल्यावर डिंगी उचलून कठड्याला टांगा, पाण्यात नुसती बांधून ठेवलेली सकाळी असेलच असं नाही.

मध्यरात्री मुलं ‘तो लाल बाण उडवा ना’ म्हणतील. नाही. संकटसूचक फ्लेअर संकटाखेरीज वापरायला बंदी आहे, मुदत संपलेलेसुद्धा. शिवाय त्याचा जळता गाळ शेजाऱ्याच्या कनातीवर किंवा रबरी डिंगीवर पडतो. त्याऐवजी घंटा वाजवा. जहाजांवर जुनी रीत आहे, एरवी आठच्या पुढे घंटा वाजत नाही, पण या एका मध्यरात्री सोळा वाजतात: आठ सरत्या वर्षाच्या, आठ नव्या वर्षाच्या. बोटीवर घंटा नसेल तर पातेलं चालतं. नऊ वर्षांच्या मुलाला वाजवायला द्या.

आणि भावाला आजच दोन गोष्टी कळवा. चाकांच्या कडक बॅगा आणू नकोस, ठेवायला जागा नाही, चौघांनी मऊ पिशव्या आणा, रिकाम्या झाल्या की उशीखाली जातील अशा. आणि बोट लागण्याची गोळी डॉक्टरांना विचारून घरीच एकदा घेऊन बघा, कुणाला किती झोप येते ते तिथेच कळू दे. पहिल्या दिवशी बोट सोडण्याच्या तासभर आधी घ्यायची, लाटा लागल्यावर नाही.